जॉर्ज बेन्सन नक्की गायक की गिटारवादक? पैशासाठी अस्सल जॅझ सोडून तो ‘स्मूथ’, म्हणजे गुळगुळीत, कुणी दचकणार नाही असं जॅझ वाजवायला लागला, हे खरं का?

तुम्ही लिहिलंय की तुमचे गिटारचे सर बेन्सनचं नाव काढलं की कानाच्या पाळीला हात लावतात, आणि तुम्ही ऐकायला बसलात तर हाती लागली ती सगळी प्रेमगीतं. त्यात तुमच्या एका मित्रानं सांगितलं की हा मूळचा अस्सल जॅझवाला, पुढे पैशाच्या मागे लागून गायला लागला आणि वाया गेला.

ही ‘वाया गेला’ची गोष्ट मलाही कॉलेजात असताना कुणीतरी ऐकवली होती आणि मी ती बरीच वर्षं पुढच्यांना ऐकवत राहिलो. तिच्यात एकच खोट आहे. घटनांचा क्रम उलटा आहे. बेन्सन आधी गायक होता.

जन्म २२ मार्च १९४३, अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा. हिल डिस्ट्रिक्ट ही तिथली कृष्णवर्णीयांची वस्ती. सातव्या वर्षी पोरगा कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात युकुलेले, म्हणजे चार तारांची चिमुकली गिटार, वाजवून चार डॉलर मिळवायला लागला. आठव्या वर्षी शुक्रवारी-शनिवारी रात्री एका विनापरवाना क्लबात गिटार वाजवत होता, तो क्लब पोलिसांनी लवकरच बंद केला. आणि दहाच्या आसपासचा असताना न्यूयॉर्कला जाऊन त्यानं आरसीए व्हिक्टर या कंपनीसाठी रेकॉर्ड केली, ‘लिटल जॉर्जी’ या नावानं. ती गाण्याची रेकॉर्ड होती. म्हणजे या माणसाचा पहिला धंदा गळ्याचा. गिटारनं त्याला खरं पछाडलं ते त्यानंतर. त्याचे सावत्र वडील चार्ली ख्रिश्चनचे भक्त. इलेक्ट्रिक गिटारला जॅझमध्ये सोलो वाजवणारं वाद्य म्हणून मान मिळवून दिला तो हा चार्ली ख्रिश्चन. त्याच्या रेकॉर्डी घरात सतत लागलेल्या.

साठीच्या दशकाच्या सुरुवातीला तो ऑर्गनवादक जॅक मॅकडफच्या वाद्यमेळात लागला. मॅकडफ म्हणजे हॅमंड ऑर्गन, जोडीला ड्रम, सॅक्सोफोन, गिटार, आणि गावोगावचे क्लब. समोर बसलेले लोक समीक्षक नव्हते, आठवडाभर राबून दोन घटका मजा करायला आलेले होते. त्यांचे पाय हलले नाहीत तर दोष वाजवणाऱ्याचा. बेन्सनची खरी शाळा ही, असं माझं मत आहे. पुढे त्यानं कितीही रेशमी वाजवलं तरी ठेका कधी ढिला पडत नाही, त्याचं मूळ इथे आहे. १९६४ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याच्या स्वतःच्या नावानं पहिला अल्बम निघाला. मग कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या जॉन हॅमंडनं त्याला उचललं. हा तोच हॅमंड, ज्यानं १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चनला बेनी गुडमन या बड्या क्लॅरिनेटवाल्यापर्यंत पोचवलं होतं. १९६६ मधले त्याचे दोन कोलंबिया अल्बम, ‘इट्स अपटाउन’ आणि ‘द जॉर्ज बेन्सन कुकबुक’, ऐकलेत की तुमचे सर कानाला हात का लावतात ते कळेल. वेग असा की आपण श्वास घ्यायला विसरतो. आणि लक्षात घ्या, ‘इट्स अपटाउन’मध्ये तो गातोसुद्धा. १९६८ मध्ये जॅझचा थोर ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसनं ‘माइल्स इन द स्काय’च्या एका तुकड्यासाठी त्याला बोलावलं. वय चोवीस. जॅझमध्ये याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

आता जरा आडवाट, कारण वेस माँटगोमेरी या गिटारवादकाशिवाय ही गोष्ट सांगताच येत नाही.

वेस इंडियानापोलिसचा. दिवसा कारखान्यात काम, रात्री क्लबात गिटार, घरी सात मुलं. तो पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, वापरायचा नाही, अंगठ्यानं वाजवायचा. घरच्यांची, शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून ही सवय लागली असं सांगतात. त्या अंगठ्यातून जो गोल, मऊ आवाज निघाला तो आधी कुणी ऐकला नव्हता. त्यावर ऑक्टेव्ह, म्हणजे एकच सूर दोन सप्तकांत एकदम. चाल इतकी भरून यायची की तीच गिटार आहे यावर विश्वास बसू नये. शेवटच्या चार वर्षांत क्रीड टेलर या निर्मात्यानं त्याच्यामागे व्हायोलिनं उभी केली, लोकप्रिय गाणी वाजवून घेतली, रेकॉर्डी खपल्या आणि जाणकारांनी नाकं मुरडली. वाया गेला, हे आधी वेसबद्दल म्हटलं गेलं होतं. सात मुलांच्या बापानं पहिल्यांदाच बरे पैसे कमावले यात वाया काय गेलं, हे मला अजून कळलेलं नाही. ते पैसेही त्याला फार दिवस लाभले नाहीत. जून १९६८ मध्ये हृदयविकारानं गेला, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी.

वेस गेला आणि टेलरनं बेन्सनला घेतलं. आधी ए अँड एम ही रेकॉर्ड कंपनी, मग टेलरची स्वतःची कंपनी सीटीआय. १९७१ चा ‘बियाँड द ब्लू होरायझन’ त्या काळातला माझा आवडता. पण सीटीआयला मुख्यतः गिटारवादक हवा होता. गळा आपला पेटीत ठेवलेल्या शालूसारखा, सणासुदीला बाहेर.

जानेवारी १९७६. वॉर्नर ब्रदर्स, हॉलिवूडमधला कॅपिटॉल स्टुडिओ, निर्माता टॉमी लिपुमा. तीन दिवसांत अल्बम झाला, ‘ब्रीझिन’’. त्यात सहा तुकडे, पैकी पाच निव्वळ वाद्यांचे. गाणं एकच, लिऑन रसेलचं ‘धिस मॅस्करेड’. आणि हा अल्बम बिलबोर्ड या संगीत-साप्ताहिकाच्या पॉप, आरअँडबी (रिदम अँड ब्लूज) आणि जॅझ अशा तिन्ही याद्यांत पहिल्या क्रमांकावर गेला. नुसत्या अमेरिकेत तीस लाखांच्या वर खपला. त्या एका गाण्याला १९७७ मध्ये ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’चं ग्रॅमी मिळालं. जॅझ गिटारवाल्यांच्या जगात असले आकडे कुणी स्वप्नातही पाहिले नव्हते.

इथेच ‘पैशासाठी’वाल्यांची गोची होते. गाणं एकच असलं तरी अल्बम विकला त्यानं, हे खरं. पण अल्बमला ज्याचं नाव दिलंय तो पहिला तुकडा गिटारचा आहे, आणि ती चाल बॉबी वोमॅक या गायक-गिटारवाल्याची. ती १९७१ मध्येच गॅबर झाबो या हंगेरियन गिटारवादकानं वाजवून झाली होती, निर्माता हाच लिपुमा. तेव्हा काही घडलं नाही. चाल तीच, निर्माता तोच, मग पाच वर्षांनी असं काय झालं?

याचं उत्तर मला हॉटेलच्या लॉबीत मिळालं. नव्वदच्या दशकात तीन वर्षं मी पुण्यातल्या एका हॉटेलात संध्याकाळी सात ते दहा वाजवायचो. की-बोर्ड, बास आणि मी. ‘ब्रीझिन’’ आमच्या यादीत दुसरं असायचं, सोपं म्हणून. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरसमूह, मोजके; चाल शाळकरी पोरालाही शिट्टीवर वाजवता यावी अशी. पहिल्याच आठवड्यात कळलं की सोपं काही नाही. अवघड तुकड्यात बोटांची धावपळ चालू असते, त्यात चुका लपतात. इथे लपायला जागाच नाही. एक सूर केसभर लवकर आला की सगळी हवा जाते. बेन्सन सूर ठेक्याच्या किंचित मागे ठेवतो, पण आळस वाटत नाही. आम्ही मागे ठेवला की निव्वळ मागे पडल्यासारखं वाटायचं. वर मॅनेजर येऊन सांगायचा, आवाज कमी करा, गिऱ्हाइकांना बोलता येत नाही. आवाज कमी केला की ठेका ढेपाळतो. हळू आवाजात, न घाई करता, तरी जिवंत वाजवणं काय असतं ते मी तीन वर्षं रोज संध्याकाळी नापास होऊन शिकलो.

दुसरी गोष्ट त्याच्या गळ्याची. बेन्सन गिटारवर जो सोलो वाजवतो तोच त्याच क्षणी तोंडानं, बिनशब्दांचा गातो. सूर आणि सूर जुळलेला. आपल्याकडे पेटी वाजवणारे गुणगुणतात, सारंगिया गवयाच्या मागोमाग जातो, पण इथे पुढे जाणारा आणि मागे येणारा एकच माणूस आहे, आणि चाल उत्स्फूर्त. याचा मोठा फायदा असा की गातांना श्वास घ्यावाच लागतो. बोटांना श्वास लागत नाही, म्हणून बहुतेक गिटारवाले न थांबता बडबडतात. बेन्सनचं वाक्य संपतं, विराम येतो, पुढचं सुरू होतं. तुमच्या सरांना विचारा, एकदा जो सोलो वाजवताय तो गाऊन पाहा म्हणतात का ते. मला वयाच्या चाळिशीत कुणीतरी सांगितलं, फार उशिरा.

गायक की वादक हा तुमचा प्रश्न म्हणूनच मला चुकीच्या जागी कापल्यासारखा वाटतो. ‘ऑन ब्रॉडवे’ची त्याची मैफलीतली रेकॉर्ड ऐका, १९७८ च्या ‘वीकेंड इन एल. ए.’ अल्बमवरची. ब्रॉडवेवर आलेला कफल्लक पोरगा, खिशात दमडी नाही, पण गिटार येते, नाव काढीन म्हणतो. गाणं दुसऱ्यांचं, जुनं. पण शब्द संपल्यावर गळा आणि गिटार एकत्र सुटतात तिथे टाके दिसत नाहीत.

गिटारीबद्दल एक कंसातली गोष्ट. जॅझची पोकळ गिटार मोठ्या आवाजाच्या रंगमंचावर घुमायला, किंचाळायला लागते. बेन्सनची मैफल क्लबातून मोठ्या सभागृहांत गेली तेव्हा ही अडचण आली. जपानच्या आयबानेझनं १९७७ मध्ये त्याच्यासाठी लहान अंगाची पोकळ गिटार काढली, जीबी-१०. ती दुकानात आजही मिळते. मी ती एकदा हातात घेऊन, किंमत विचारून, परत भिंतीला टांगलेली आहे.

ऐंशीच्या दशकातलं थोडक्यात सांगतो, कारण तुम्हाला जे सापडलं ते बहुतेक तिथलंच. १९८० चा ‘गिव्ह मी द नाइट’, निर्माता क्विन्सी जोन्स. नाचायची गाणी, झकास. त्यानंतरचं बरंचसं मला गुळमट लागतं, तिथे गिटार कोपऱ्यात बसवलीय आणि तुमच्या मित्राशी मी निम्मा सहमत आहे. गंमत म्हणजे ‘द ग्रेटेस्ट लव्ह ऑफ ऑल’ आपण व्हिटनी ह्यूस्टनचं म्हणून ओळखतो, ‘नथिंग्ज गॉना चेंज माय लव्ह फॉर यू’ ग्लेन मेडीरॉसचं म्हणून. दोन्ही पहिल्यांदा बेन्सननं गायली, १९७७ आणि १९८५ मध्ये.

आणि ‘स्मूथ जॅझ’ हे नाव तेव्हा नव्हतंच. ते रेडिओवाल्यांचं लेबल. फेब्रुवारी १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका रॉक केंद्राचं रूपांतर ‘द वेव्ह’मध्ये झालं, मग शहरोशहरी तशी केंद्रं निघाली. कचेरीत दिवसभर चालू ठेवता येईल, कुणी दचकणार नाही, अशी निवड. बेन्सनचं १९७६ चं वाजवणं मग मागाहून या पंथाचं आद्यपीठ ठरलं. नॉर्मन ब्राउनसारखे पुढचे गिटारवाले तर त्याच्या अंगणातच वाढले. या लोकांचं पोट रेडिओवर होतं. २००८ मध्ये न्यूयॉर्कचं, २००९ मध्ये शिकागोचं केंद्र बंद पडलं आणि ते उघड्यावर आले. आता जहाजांवरच्या संगीत सहली, क्लब, शिकवण्या. तुम्ही ‘करिअर’ म्हणून विचारत असाल तर हे ध्यानात ठेवा. बेन्सनचं निभावलं, कारण त्याची मदार लेबलवर नव्हती. २००९ मध्ये अमेरिकेच्या कला निधीनं त्याला ‘जॅझ मास्टर’ केलं, म्हणजे अस्सलवाल्यांनीही अखेर सही केली.

आपल्याला हा वाद नवा नसावा. ख्यालियानं नाट्यपद गायलं की काहींच्या कपाळाला एक आठी पडायची, भावगीत गायलं तर दोन. आणि उलट टोकाला भूपिंदरसिंग. त्यांचा आवाज सगळ्यांना ठाऊक, पण सत्तरीच्या हिंदी गाण्यांतली कितीतरी गिटार त्यांच्या हातची, हे किती जणांना माहीत असतं?

बेन्सनला लहानपणापासून वेड होतं नॅट किंग कोलचं. तोही मुळात जॅझचा पियानोवादक, आणि थोर. पियानो, गिटार, बास असं त्याचं त्रिकूट होतं. पुढे गळ्यानं जग जिंकलं आणि लोक बोटं विसरले. बेन्सननं सत्तराव्या वर्षी, २०१३ मध्ये, त्याच्यावर एक अल्बम केला, ‘इन्स्पिरेशन’. त्याची सुरुवात ऐका. वाद्यवृंद नाही, सत्तरीचा बेन्सनही नाही. घरी केलेली, खरखरणारी, १९५१ ची एक जुनी रेकॉर्ड आहे. आठ वर्षांचा जॉर्जी कोलचं ‘मोनालिसा’ म्हणतोय.