रेसिडेन्सीतल्या (डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणातल्या) संशोधनासाठी निधी शोधताना

मोठ्या अनुदानाच्या मागे आधीच लागू नका. तिथे बहुधा प्राथमिक निष्कर्ष मागतात आणि ते तुमच्याकडे अजून नसतात. सुरुवात आपल्या संस्थेचा संशोधन निधी आणि आपल्या विषयाची तज्ज्ञ-संघटना यांच्यापासून करा. सदस्यत्वाची अट आधी वाचा, मुख्य संशोधक म्हणून तुमचं नाव चालतं की गाइडचं, तेही विचारून घ्या.

अर्ज अनेकदा नमुनासंख्येवर अडतो. ‘शंभर रुग्ण घेऊ’ एवढं पुरत नाही, शंभरच का ते दाखवावं लागतं. अपेक्षित फरक, पॉवर (फरक खरोखर असेल तर तो अभ्यासात सापडण्याची शक्यता, सहसा 80 किंवा 90 टक्के) आणि गळती (अभ्यास मध्येच सोडणारे रुग्ण) धरून आकडा काढा. विश्लेषणाला 90 रुग्ण हवे असतील आणि 10 टक्के गळती धरली, तर 100 घ्यावे लागतात. म्हणून संख्याशास्त्रज्ञाला अर्ज लिहिण्याआधीच भेटा.

बजेटमध्ये चाचणीच्या किटचे पैसे सगळेच धरतात. पुन्हा कराव्या लागणाऱ्या चाचण्या, संमतीपत्राचं भाषांतर, रुग्णांचा फेरतपासणीचा प्रवासखर्च मात्र राहून जातो, आणि अभ्यास मध्येच थांबतो. नेहमीच्या उपचारातली तपासणी यात घालू नका. नैतिकता समितीचा अर्ज सोबतच पुढे सरकवा.

औषध कंपनीचा पैसा घ्यायचा असेल तर निष्कर्ष प्रतिकूल आले तरी ते प्रसिद्ध करण्याचा हक्क करारात लेखी हवा. नसेल तर सही करू नका.