बारा वर्षं पडीत असलेलं शेत साफ करायचंय, पहिला छोटा ट्रॅक्टर कोणता घ्यावा?

ताई, तुम्ही लिहिलंय की दारव्हा तालुक्यात वडिलांची 5 एकर जमीन आहे, ते गेल्यापासून 12 वर्षं वाही नाही, घाणेरी आणि वेड्या बाभळीमुळं आत पाय ठेवायला जागा नाही. तुम्ही नागपूरला राहता, सुट्टीच्या दिवशीच जाणं होतं, आणि शेत साफ करून पुढं राखायला 15 ते 28 एचपीमधला ट्रॅक्टर घ्यायचाय. नवा घ्यावा की जुना, कोणत्या कंपनीचा, असं विचारलंय. मी आर्वी तालुक्यात शेती करतो. माझ्या काकांच्या वाट्याचं साडेचार एकर असंच पडीत होतं, ते मी वाहीत आणलं. त्या अनुभवावरून सांगतो.

छोटा ट्रॅक्टर हे रान मोडायला घेऊ नका. मोडलेलं रान परत उगवू नये म्हणून घ्या. ही दोन कामं वेगळी आहेत आणि एकाच यंत्राकडून दोन्ही करून घ्यायला गेलं की ट्रॅक्टर पहिल्याच वर्षी मोडतो.

रान मोडायचं काम एकदाच असतं, पण त्याला ताकद लागते. मनगटाएवढ्या वेड्या बाभळीचं मूळ काळ्या जमिनीत खोल गेलेलं असतं. 25 एचपीचा ट्रॅक्टर स्वतःच हलका, त्याला ते उपटत नाही, मागची चाकं जागेवर फिरून खड्डा करतात. नुसतं वरून कापलं तर घाणेरी आणि बाभूळ दोन्ही बुडातून फुटतात आणि एका खोडाची पाच खोडं होतात. म्हणून मुळासकट काढावं लागतं आणि ते काम जेसीबीचं. मला साडेचार एकराला 14 तास लागले, त्यात झुडपांचे ढीग धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लावणंही आलं. माझ्याकडे तेव्हा तासाला हजार-अकराशे रुपये होते, तुमच्याकडचा दर विचारून घ्या. ऑपरेटरला एक गोष्ट मात्र समोर उभं राहून सांगा. बकेटनं जमीन खरवडायची नाही, झुडूप बुडाशी धरून उपटायचं, झटकायचं आणि माती जागेवरच पडू द्यायची. घाई झाली की ते वरची काळी माती झुडपांसकट ढिगात लोटतात आणि खालचा मुरूम उघडा पडतो. ती माती परत आणता येत नाही. मी दुपारी जेवायला घरी गेलो होतो, तेवढ्या दीड तासात एका कोपऱ्याचं असंच झालं. तिथं आजही कपाशी गुडघ्याच्या वर जात नाही.

आणि यंत्र आत घालायच्या आधी शेत पायी फिरा, हे तुम्हाला कळकळीनं सांगतो. काकांच्या शेतात जुनी विहीर आहे एवढं मला ऐकून माहीत होतं, ती कुठं आहे ते माहीत नव्हतं. मी आणि माझी पत्नी विळा आणि एक लांब बांबू घेऊन निघालो. दर दोन पावलांवर बांबू पुढं ठोकायचा, मग पाय टाकायचा. एका जागी बांबू टेकलाच नाही, माझा हात कोपरापर्यंत पाल्यात गेला. फांद्या बाजूला केल्या तर खाली विहीर, कठडा नाही, दोन्ही काठांवरची घाणेरी एकमेकीत गुंतून वर झाकण तयार झालेलं. आतून पारवे भर्रकन बाहेर आले. चार पावलं लांबून पाहिलं असतं तर बाकीच्या रानासारखंच हिरवं रान दिसलं असतं. ट्रॅक्टर तिथून सरळ आत गेला असता. तुमच्या सातबाऱ्यावर, गाव नमुना बारामध्ये, जलसिंचनाच्या साधनाचा रकाना असतो, त्यात विहिरीची नोंद आहे का बघा आणि वडिलांच्या बरोबरीचं गावातलं कोणी म्हातारं माणूस सोबत न्या. फिरताना जुन्या कुंपणाची काटेरी तारही गोळा करा. गवतात पडलेली तार यंत्राच्या पात्यांना गुंडाळली गेली की अख्खा दिवस ती कापण्यात जातो. पायात गमबूट हवेच, अशा रानात घोणस असते.

साग, मोह, आंबा, चिंच, खैर, जांभूळ ही झाडं राज्याच्या 1964 च्या झाडे तोडण्याबाबतच्या कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या शेतातलीही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, म्हणून त्यांच्या खोडाला आधीच चुना मारून ठेवा म्हणजे ऑपरेटरला दिसतात. धुरा कुठं होता याबद्दल शेजाऱ्याशी थोडाही वाद असेल तर भूमी अभिलेखकडून मोजणी आधी करून घ्या.

जेसीबी गेल्यावर पहिल्या उन्हाळ्यात गावातला 45-50 एचपीचा ट्रॅक्टर भाड्यानं सांगून पलटी नांगरानं खोल नांगरट करून घ्या. भेगाळलेल्या काळ्या जमिनीत हे छोट्या ट्रॅक्टरचं काम नाही. एप्रिल-मेमधलं आपल्याकडचं 45 डिग्रीचं ऊन हरळी आणि कुंदा या तणांच्या काशा, म्हणजे जमिनीतली मुळासारखी खोडं, उघड्यावर वाळवून टाकतं. त्याऐवजी जमीन ओली असताना रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार, मारला तर त्याच काशांचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा नवीन झाड होऊन उगवतो. पडीत जमिनीत पहिल्याच वर्षी रोटाव्हेटर घालून कुंदा शेतभर पसरवलेले शेतकरी मी पाहिलेत.

आता तुमचा ट्रॅक्टर. पहिला पाऊस पडला की गाजरगवत, तरोटा, राहिलेल्या मुळांचे फुटवे सगळं एकदम वर येतं आणि महिन्याभरात मांडीपर्यंत जातं. ते फुलावर येण्याआधी कापलं तर बी पडत नाही. पावसाळ्यात निदान दोनदा, धुऱ्यांवर तीनदा, ही कापणी सलग तीन वर्षं करायची आहे. सगळी निवड या कामावरून करा. म्हणजे आधी अवजार ठरवा, मग ते ओढणारा ट्रॅक्टर. तुम्हाला स्लॅशर लागेल, म्हणजे मागं जोडायचं फिरत्या पात्यांचं गवत कापायचं यंत्र, एक पंजी, म्हणजे दात्यांचं मशागतीचं अवजार, लागेल आणि पुढं जाऊन 4 फुटी रोटाव्हेटर. एवढं सगळं 5 एकरावर चालवायचं तर 24 ते 28 एचपी आणि चारही चाकांना ओढ असलेला, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह, हेच मी सांगेन.

15 एचपीचे महिंद्रा युवराज 215 किंवा स्वराज 717 वाईट नाहीत. अरुंद असल्यानं कपाशीत डवरणीला फार सोयीचे आहेत. पण पावसाळ्यात काळ्या जमिनीत दोनच चाकांना ओढ असलेला हलका ट्रॅक्टर गवतावरून घसरतो आणि तुमचं मुख्य काम नेमकं त्याच दिवसांत आहे. महिंद्रा जिवो 245, कुबोटा बी2441 किंवा बी2741, जॉन डिअर 3028 ईएन हे तुमच्या मापाचे आहेत. यातला कोणता, याचं उत्तर मी नाही देणार, दारव्ह्यातला किंवा यवतमाळचा मेकॅनिक देईल. ज्याचा मिस्त्री फोन केल्यावर त्याच दिवशी मोटारसायकलवर सामान घेऊन शेतात येतो, तो ट्रॅक्टर घ्या. तुम्ही महिन्यातून चार दिवस जाणार, त्यातले दोन सामानाची वाट पाहण्यात गेले तर गवत थांबत नाही.

विक्रेता एचपी सांगतो तो इंजिनचा असतो. स्लॅशर आणि रोटाव्हेटर चालतात पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, आणि तिथं पोचेपर्यंत ताकद कमी होते. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे, 1955 पासून. त्यांच्या चाचणी अहवालात पीटीओची मोजलेली ताकद, मागची अवजार उचलणारी लिफ्ट किती किलो उचलते, डिझेल किती जातं हे सगळं असतं. दुकानात तो अहवाल मागा.

दुसरं, क्लच. याकडे पहिल्यांदा घेणाऱ्याचं लक्ष जात नाही. साध्या एका क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओ गिअरबॉक्समधून चालतो. स्लॅशरची जड पाती वेगानं फिरत असताना तुम्ही क्लच दाबला तरी ती लगेच थांबत नाहीत, उलट फिरता फिरता गिअरबॉक्समार्फत ट्रॅक्टरलाच पुढं ढकलतात. धुऱ्याच्या काठाशी किंवा एखाद्या विहिरीजवळ असं झालं तर विचार करा. डबल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असलेला मिळाला तर उत्तम, नाहीतर पीटीओच्या शाफ्टवर ओव्हररनिंग कपलिंग बसवून घ्या. ते एकाच दिशेनं ताकद जाऊ देतं. आणि स्लॅशरला शिअर बोल्ट आहे ना ते बघा. बुंध्यावर आदळलं की तो स्वस्तातला बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. दहा बोल्ट टूलबॉक्समध्ये ठेवा.

वाळल्या गवतात काम करताना रेडिएटरच्या जाळीवर कुसळं आणि गवताचं बी चिकटून गालिचा होतो आणि तापमानाचा काटा वर जायला लागतो. माझ्या ट्रॅक्टरवर मी रंगाचा ब्रश बांधूनच ठेवलाय, दर तासाला इंजिन बंद करून जाळी झाडतो. बाभळीचा काटा टायरमध्ये जातोच, म्हणून घेतानाच चारही टायरमध्ये पंक्चर रोखणारं द्रव्य टाकून घ्या.

एखादं राहिलेलं खोड उपटायचा मोह होईल. साखळी कधीही खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या ओढायच्या पट्टीलाच, लावा. मी एकदा ती टॉप लिंकच्या, म्हणजे अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या, खिळीला अडकवली होती. खोड हललं नाही आणि पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उठून माझ्या डोळ्यांसमोर बॉनेट वर आलं. क्लच दाबला म्हणून चाकं खाली आपटली, नाहीतर ट्रॅक्टर मागं माझ्या अंगावर पडला असता. ओढ जितकी वरून तितका ट्रॅक्टर मागं उलटतो, आणि हे एक-दोन सेकंदांत होतं. पीटीओच्या शाफ्टवर प्लॅस्टिकचं आवरण असल्याशिवाय सुरूच करू नका. ओढणी, दुपट्टा, साडीचा पदर कसून खोचलेला असू द्या आणि इंजिन चालू असताना मागं कोणाला उभं राहू देऊ नका.

नवा की जुना याबद्दल माझं मत नव्याकडे झुकतं, कारण हा तुमचा पहिला ट्रॅक्टर आहे आणि बिघाडाचा आवाज ओळखायला दोन वर्षं लागतात. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, त्यामुळं नव्या-जुन्यातलं अंतरही कमी झालंय. तरी जुना पाहायला गेलात तर न कळवता जा आणि आधी इंजिनला हात लावा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधी सुरू करून ठेवलंय, थंड असताना ते कसं सुरू होतं हे तुम्हाला दिसणार नाही. मागं रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद करा आणि पंधरा मिनिटं चहा प्या. तेवढ्यात तो खाली आला तर लिफ्टचं काम निघालंय. आरसी बुकावर बँकेचा बोजा नाही ना, तेही पाहा.

अनुदानाचं तुम्ही विचारलं नाही, पण राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर महिला शेतकऱ्यांना ट्रॅक्टरसाठी किमतीच्या 50 टक्क्यांपर्यंत, ठरलेल्या कमाल मर्यादेत, अनुदान मिळतं. ती मर्यादा सध्या किती आहे ते तिथंच बघून घ्या. त्यासाठी सातबारा तुमच्या नावावर हवा. वडिलांच्या नावावरच असेल तर तलाठ्याकडे वारस नोंद आजच टाका, फेरफार मंजूर झाल्याशिवाय शेतकरी ओळख क्रमांक निघत नाही आणि त्याशिवाय अर्ज होत नाही. पूर्वसंमतीचं पत्र हातात येईपर्यंत ट्रॅक्टर खरेदी करू नका. आधी बिल झालं की अनुदान गेलं.

ट्रॅक्टर गावात ठेवणार असाल तर टिनाचं शेड चारही बाजूंनी बंद करा. निघताना बॅटरीची तार काढा, टाकी डिझेलनं पूर्ण भरून ठेवा म्हणजे आत दव धरत नाही. आणि बॉनेट उघडून उंदरांचं गवताचं घरटं दिसतं का ते दर वेळी बघा. माझ्या ट्रॅक्टरची वायरिंग एका भाद्रपदात त्यांनी कुरतडली होती, मीटरपासून स्टार्टरपर्यंत सगळी, आणि ऐन कापणीचे आठ दिवस तो तसाच उभा होता.