जुन्या येझ्दीत असं काय आहे, जे नव्या गाडीत मिळत नाही?

तुम्ही विचारलंय की नवी गाडी बटण दाबलं की चालू होते, ब्रेक चांगले, ॲव्हरेज चांगलं, रात्रीचा उजेड चांगला. मग येझ्दी, बुलेट, आरएक्स हंड्रेड असल्या जुन्या गाड्यांसाठी लोक एवढे का झुरतात? त्या चालवायला खरंच मजा येते, की नुसती मिरवायची हौस?

माझ्या घरी दोन्ही प्रकारच्या गाड्या आहेत, म्हणून लिहितो. मी कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशिनवर काम करतो. रोजच्या जाण्यायेण्याला अलीकडची साडेतीनशे सीसीची गाडी आहे. दुसरी आहे १९७७ ची येझ्दी, बी टाइप. कागलकडच्या एका गोठ्यात पेंडीच्या पोत्यांमागे ती अकरा वर्षं उभी होती. मालकांनी ती विकायला दोन वर्षं नकार दिला आणि तिसऱ्या वर्षी स्वतःच फोन करून सांगितलं, घेऊन जा, पण चालती ठेवा.

कागदावर बघितलं तर नवी गाडी जिंकते, यात वाद नाही. येझ्दीच्या अडीचशे सीसीत जेमतेम बारा-तेरा हॉर्सपॉवर निघते. २०१८ साली जावा हेच जुनं नाव घेऊन जी नवी गाडी आली, ती २९३ सीसीत जवळजवळ सत्तावीस देते, आणि धूर सोडत नाही. येझ्दीच्या दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. दिवा सहा व्होल्टचा, पावसाळ्यातल्या रात्री त्याच्या भरवशावर हायवेला जाऊ नये. पेट्रोलही ती जास्त पिते.

तरी रविवारी सकाळी माझा हात तिच्याच किल्लीकडे जातो. त्याचं कारण मला बरीच वर्षं नीट सांगता येत नव्हतं. आता सांगता येतं. ही गाडी माझ्या डोक्यात पूर्ण मावते. तिच्यात या क्षणी काय चाललंय ते मला वरपासून खालपर्यंत माहीत असतं, आणि माहीत नसेल तर ऐकून कळतं.

येझ्दीचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक फेरीला एकदा पेट घेणारं. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. हलणारे मुख्य भाग तीन: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टनची वरखाली हालचाल गोल फिरवणारा क्रँक. सिलेंडरच्या भिंतीत खिडक्या आहेत, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि वरखाली जाता जाता पिस्टन स्वतःच त्या उघडतो आणि झाकतो. पिस्टन वर गेला की खाली क्रँकभोवतीच्या बंद डब्यात, म्हणजे क्रँककेसमध्ये, पेट्रोल आणि हवा ओढली जाते. खाली आला की तेच मिश्रण दाबून वर ढकललं जातं. क्रँककेस हाच पेट्रोलचा रस्ता असल्यामुळे तिथे ऑइल साठवून ठेवता येत नाही. म्हणून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. मी लिटरला ४० मिली टाकतो. टाकी भरताना माप चुकलं तर दोष माझा असतो, हेही मला आवडतं.

मग ती चालू करणं. येझ्दीची किक आणि गिअर एकाच दांडीवर आहेत, ही गंमत ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो. डाव्या पायाखालचा गिअरचा दांडा आत ढकलायचा, मागे फिरवून उभा करायचा, की तोच किक होतो. गाडी चालू झाली की तो परत पुढे आणायचा, तोच गिअर. एक खाली, बाकीचे तीन वर. आणि गिअर बदलताना दांडा दाबला की आतून क्लचही सुटतो, म्हणजे एकदा गाडी निघाली की डाव्या हाताला फारसं काम उरत नाही. हे सगळं निव्वळ लोखंडाचं, आत एकही वायर नाही. मूळ रचना चेकोस्लोव्हाकियातल्या जावा कंपनीची. यानेचेक नावाच्या उद्योजकाने १९२९ मध्ये वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटरसायकल विभाग घेतला आणि दोन्ही नावांची पहिली इंग्रजी अक्षरं, Ja आणि Wa, जोडून जावा हे नाव केलं. आपल्याकडे म्हैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यात १९६१ पासून या गाड्या बनू लागल्या, पुढे त्यांचं नाव येझ्दी झालं, आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला.

मावण्याबद्दल बोललो, आता ऐकण्याबद्दल. ही गोष्ट मी किंमत मोजून शिकलो.

गाडी घेतली त्याच वर्षी रत्नागिरीला निघालो होतो. मलकापूर मागे पडलं, आंबा गाव गेलं, आणि साखरप्याकडे घाट उतरायला लागलो. नव्या गाडीवर घाट कसा उतरतात तसाच उतरलो: तिसरा गिअर, एक्सिलेटर पूर्ण बंद, इंजिन ब्रेकिंगच्या, म्हणजे इंजिननेच वेग रोखण्याच्या, भरवशावर. खूप वेळ. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर आवाज थोडा कोरडा झाला. मला तो ऐकू आला होता, पण त्याचा अर्थ कळला नाही. मग किंचाळल्यासारखा आवाज होऊन मागचं चाक जागेवर अडकलं. क्लच दाबला म्हणून वाचलो.

अर्धा तास कठड्यावर बसून राहिलो. इंजिन निवल्यावर हळूच किक मारली, ती चालू झाली, आणि चाळीसच्या वर न जाता घरी परत आणली. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्रींकडे नेली. त्यांनी हेड आणि सिलेंडर उतरवून पिस्टन माझ्या हातात दिला. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे होते. ते एवढंच म्हणाले, "घाटात रेस बंद केलीसा, म्हणजे पेट्रोल बंद. पेट्रोल बंद म्हणजे ऑइल बंद. इंजिन फिरतंय मात्र जोरात. मग काय हुणार?"

त्या एका वाक्यात मला सगळं इंजिन समजलं. पेट्रोलमध्ये ऑइल का असतं हे मी आधी वाचलं होतं, पण ते अंगात उतरलं त्या ओरखड्यांवरून बोट फिरवताना. सिलेंडर उद्यमनगरातच बोअर करून, म्हणजे आतून थोडा मोठा करून घेतला, त्या मापाचा ओव्हरसाइझ पिस्टन बसवला. आजही घाट उतरताना दर काही सेकंदांनी मी एक्सिलेटर किंचित उघडतो, पिस्टनला ऑइलचे दोन थेंब मिळावेत म्हणून. हात आपोआप करतो ते. नव्या गाडीवरही कधीकधी करतो.

तेव्हापासून मी तिचा आवाज लक्ष देऊन ऐकतो. सपाट रस्त्यावर एक्सिलेटर थोडाच उघडा असला की टू-स्ट्रोक प्रत्येक फेरीला पेटत नाही. जुना धूर सिलेंडरात उरलेला असतो, म्हणून एखादी फेरी सोडून पेट घेते, आणि आवाज अडखळत, डुलत येतो. चढ लागला, एक्सिलेटर उघडला, की तो आवाज एकदम सलग होतो, ताणलेल्या तारेसारखा. हा बदल ज्या क्षणी होतो तो क्षण मला फार प्रिय आहे. स्पार्क प्लग काढून बघितला की आदल्या दिवशीचा प्रवास त्यावर दिसतो: विटकरी रंग म्हणजे सगळं ठीक, पांढरट म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, काळा ओलसर म्हणजे ऑइल किंवा पेट्रोल जास्त. ठिणगीसाठी उघडमीट करणाऱ्या पॉइंटचा गॅप सुमारे ०.४ मिलिमीटर. फट मोजायच्या फीलर गेजची पातळ पट्टी त्यातून सरकवताना जी हलकी ओढ बोटाला लागते, ती एकदा ओळखीची झाली की विसरत नाही.

कामावर माझं मशिन बिघडलं तर स्क्रीनवर अलार्मचा नंबर येतो. नंबर बघायचा, पुस्तक उघडायचं, नाहीतर कंपनीच्या माणसाची वाट बघायची. नवी मोटरसायकल याच जातीची आहे. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचा बीएस-६ नियम आल्यावर पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर जवळपास गेलाच. आता सेन्सर हवेचं, तापमानाचं, धुरातल्या ऑक्सिजनचं माप घेतात आणि किती पेट्रोल सोडायचं ते एक छोटा संगणक ठरवतो. तो ते माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं ठरवतो. मी त्या गाडीवर सुरक्षित असतो, वेळेवर पोचतो. पण तिच्यात काय चाललंय ते मला कळत नाही, आणि तिला माझ्याकडून त्यासाठी काही नकोही असतं.

वेगाचंही सांगायला हवं. नव्या गाडीवर पन्नासला गेलो की ताटकळल्यासारखं होतं, नव्वद केव्हा होतात कळत नाही. येझ्दीवर पन्नास हा भरलेला वेग आहे. गळीत हंगामात शाहूवाडीकडच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना मला ओव्हरटेकची घाई होत नाही.

बुलेटवाल्यांचं सुख थोडं निराळं, ते त्यांनीच सांगावं. जुनं कास्ट आयर्न इंजिन फोर-स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा पेटणारं, ३४६ सीसी, बोअर (सिलेंडरची रुंदी) ७० आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर, म्हणजे पिस्टनचा प्रवास लांब. तो ठोका त्यातून येतो. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. माझ्या मित्राची आहे, विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणून किक मारताना तो श्वास रोखतो. माझा जीव मात्र टू-स्ट्रोकवर.

आता ज्या गोष्टी लोक घेताना बोलत नाहीत त्या. एकच गाडी परवडणार असेल तर नवी घ्या, एबीएसवाली, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी. माझी मुलगी यंदा कॉलेजला जायला लागली, तिला मी येझ्दी दिली नाही, देणारही नाही. ड्रम ब्रेकला थांबायला जे अंतर लागतं ते आजच्या रहदारीत मिळत नाही. टू-स्ट्रोकमध्ये थोडं न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर बाहेर जातं, हे खरंच वाईट आहे. म्हणून मी ती शहरात फिरवत नाही, महिन्यातून दोन-तीनदा बाहेर काढतो. कागद आधी बघा: पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, पर्यावरण कर भरलाय का, इंजिन आणि चेसिस नंबर आरसी पुस्तकाशी जुळतात का. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेजची वेगळी नोंदणी आहे, पण त्यात ती रस्त्यावर नेहमी वापरता येत नाही. माझी पन्नाशीला आली, तरी मी ती नोंदणी करणार नाही. गोठ्यातल्या मालकांना चालती ठेवतो असं सांगितलंय.

चालवून बघितल्याशिवाय ठरवू नका. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझ्दीवाले गावोगावी जमतात, तिथे जा आणि कोणालाही विचारा. एक चक्कर मारायला बहुतेक जण आनंदाने देतात, आधी दहा मिनिटं समजावून सांगतात, ती दहा मिनिटं नीट ऐका. हेल्मेटखाली इअरफोन नको. एखादा लहान चढ निवडा, दुसऱ्या गिअरला या, एक्सिलेटर हळूहळू उघडा, आणि अडखळता आवाज सलग कुठे होतो ते पकडायचा प्रयत्न करा. परत आणून स्टँडला लावली की पेट्रोलचा कॉक आठवणीने बंद करा. उघडा राहिला आणि कार्बोरेटरची सुई नीट बसत नसेल, तर रात्रभर पेट्रोल क्रँककेसमध्ये उतरतं आणि सकाळी मालकाला किक मारून मारून घाम फुटतो.