नाशिकमध्ये बंगल्याच्या सावलीतल्या बाजूला वर्षानुवर्षं टिकतील अशी कोणती झाडं लावावीत?

तुमची गंगापूर रोडच्या बंगल्याची उत्तरेकडची पट्टी, त्यात जुना आंबा, आणि आणलेलं रोप मे महिना काही पार करत नाही. मला यात सावलीचा दोष कमी दिसतो.

उत्तरेची सावली बारमाही नसते. नाशिक साधारण २० अंश अक्षांशावर आहे. मेच्या २० तारखेच्या सुमारास दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत किंचित उत्तरेलाच राहतो. सकाळ-संध्याकाळची तिरपी उन्हं तर मार्चअखेरपासूनच त्या भिंतीवर पडतात. थंडीत हिरवागार दिसणारा नेचा उन्हाळ्यात करपतो तो म्हणून. नेचे लावायचेच तर आंब्याच्या अगदी आत, कुंडीत ठेवा.

कुंडीतच का, तर आंब्याखाली रोप अंधाराने नाही, तहानेने मरतं. वरच्या थरातलं पाणी आंब्याची मुळंच ओढून घेतात. तिथे खणू नका, बुंध्याशी मातीचा ढीगही घालू नका, साल कुजते. पडलेली पानं झाडून जाळण्यापेक्षा तिथेच पसरू द्या. कुंड्यांत स्नेक प्लांट, सिंगोनियम चालतील. घरात लहान मूल असेल तर सिंगोनियम नको, पान चावलं की तोंडाची आग होते.

बाकीच्या पट्टीत माझी पहिली पसंती कंदवाल्यांना. पेव, सोनटक्का, हळद. पावसाळ्यात माणसाच्या छातीएवढा वाढणारा पेव थंडीत पार नाहीसा होतो, आणि लोक ‘मेला’ समजून कंद उपटून टाकतात! जागेवर खूण म्हणून काठी रोवून ठेवा, पावसाच्या तोंडावर तो पुन्हा वर येतो. सोनटक्क्याला ओल लागते. गच्चीच्या पाइपाचं पाणी जिथे पडतं तिथे तो आणि शेजारी अळू लावा. वडीची सोय आपोआप होते.

दिवसातून दोन-तीन तास ऊन मिळणाऱ्या कडेला अबोली लावा, पण वीतभर उंच वाफ्यावर. आपल्या काळ्या मातीत पाणी तुंबलं की तिची मुळं सडतात. भिंतीवर विड्याचा वेल चढवा.

परदेशी व्हिडिओंमधल्या होस्टावर मात्र पैसे घालवू नका. त्याला कडाक्याची, लांब थंडी लागते. पेव-सोनटक्क्याचे कंद शेजारीपाजारी मागितले तरी मिळतात, जूनच्या पहिल्या पावसाआधी लावून टाका.