न टाकलेला चेंडू

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. निवड चाचणी तोंडावर, खांदा ठणकतोय, आणि फिजिओला कळलं तर यादीतून नाव जाईल ही धास्ती. वर विचारतेस, ‘सर, दोन दिवस दुखण्याची गोळी घेऊन बोलिंग करू का?’

नको. का ते सांगतो, पण आधी एका अमेरिकन बेसबॉलपटूची हकिगत ऐकून घे. क्रिकेटमधली उदाहरणं तुला पाठ आहेत, त्यांचा तुझ्यावर काही परिणाम होत नाही.

लॅरी यौंट, ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज संघाचा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज, वय २१. १५ सप्टेंबर १९७१ रोजी नवव्या इनिंगला त्याला बोलावणं आलं. मेजर लीगमधली, म्हणजे तिथल्या सर्वोच्च स्पर्धेतली, पहिलीच वेळ. त्याआधीचे काही दिवस तो लष्कराच्या राखीव दलाच्या ड्यूटीवर होता, त्यामुळे गोलंदाजी बंदच. बाजूला हात मोकळा करतानाच कोपर धरायला लागलं. मैदानात गेल्यावर सुटेल, असं त्याला वाटलं. (हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना?) नाव पुकारलं गेलं. माउंडवर, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर, जाऊन त्याने सरावाचे थोडे चेंडू टाकले आणि कोपर जास्तच दुखायला लागलं. उगाच ताणण्यापेक्षा तो बाहेर आला. काही दिवसांत परत येऊ, या हिशेबाने.

नाव पुकारलेलं असल्यामुळे नियमाप्रमाणे त्याच्या खात्यावर एक सामना जमा झाला. बॅटरला टाकलेले चेंडू मात्र शून्य. पुन्हा मेजर लीगमध्ये उतरायची वेळ त्याच्यावर आलीच नाही. १९७४ साली मिलवॉकी ब्रूअर्स या संघाच्या शिबिरात तो आणि त्याचा धाकटा भाऊ रॉबिन दोघंही होते. १८ वर्षांचा रॉबिन संघात गेला, थोरला राहिला. रॉबिन पुढे २,८५६ सामने खेळला, ३,१४२ हिट्स मारले, १९९९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. एका घरातले दोघं: एकाचे २,८५६, दुसऱ्याचा एक.

आता तू म्हणशील, ‘बघा, थांबला आणि संपला.’ मला माहीत होतं तू तिथेच बोट ठेवणार. पण कोपराने त्याला संपवलं नाही. तो त्यानंतरही काही वर्षं मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्तरावर, गोलंदाजी करत होता. वरून बोलावणं यावं अशी कामगिरी तिथे झाली नाही, एवढंच. त्या रात्री दात-ओठ खाऊन तीन बॅटर काढले असते, तरी पुढचं काही बदललं असतं असं मला वाटत नाही. कोपराचं नुकसान मात्र नक्की वाढलं असतं. थांबणं बरोबर होतं आणि तरी संधी परत आली नाही. तुला गोड बोलून फसवायचं नाही म्हणून सांगतो, असं होऊ शकतं.

अ‍ॅडम ग्रीनबर्गची गोष्ट तू कुठेतरी वाचली असशील. ९ जुलै २००५, शिकागो कब्ज संघाकडून बॅटिंगला उतरला, मेजर लीगमधला पहिलाच चेंडू थेट डोक्यावर. मग चक्कर, नजरेचा त्रास, खालच्या लीगमधली वणवण. लोकांनी त्याच्यासाठी मोहीम चालवली आणि २०१२ साली मायामी मार्लिन्सने एका दिवसाचा करार दिला. समोर पिचर आर. ए. डिकी. तीन चेंडूंत बाद. ही गोष्ट ऐकायला भारी आहे, पण तुझ्या कामाची नाही. त्याच्या हातात काहीच नव्हतं. चेंडू आला आणि लागला. तुझा खांदा तुला आगाऊ सांगतोय.

आणि खरं दुखणं कुठून आलंय तेही बघ. परीक्षेसाठी नेट्स बंद ठेवलेस, तोवर मी काही बोललो नाही. पण पेपर संपल्या संपल्या लांबलांब स्पेल कोणी टाकायला सांगितले होते? यौंटचंही तसंच झालं: आधी गोलंदाजी बंद, मग एकदम सामना. सुट्टीनंतर चेंडूंची संख्या हळूहळू वाढवायची असते, आधी अर्ध्या रनअपने. हे तुला वहीत लिहून दिलं होतं.

उद्या सकाळी फिजिओकडे जा. ‘थोडं दुखतंय’ असलं मोघम बोलू नकोस. कुठल्या जागी, हात कितपत वर गेल्यावर, चेंडू सोडताना की सोडून झाल्यावर, रात्री त्या कुशीवर झोपता येतं की नाही, सगळं सांग. आधी घेतलेल्या गोळ्याही सांग, लपवू नकोस. त्याने नको म्हटलं तर चाचणीच्या दिवशी फक्त बॅटिंग आणि फिल्डिंग दाखवता येते का, ते मी निवड समितीशी बोलून बघतो. थ्रो मात्र खालूनच. नाही जमलं, तर या मोसमात नाव नसेल. आईला मी फोन करतो, तिच्यापासूनही तू हे लपवलंयस असा माझा अंदाज आहे.

फिजिओकडून निघालीस की लगेच कळव.

तुझे,
सर