नातेवाईक चिडतात तेव्हा : वृद्धाश्रमातल्या कर्मचाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न : एका आजींची मुलगी रोज संध्याकाळी येते आणि आल्या आल्या चुका काढते. डायपर ओला, जग रिकामा, केस विस्कटलेले. समजवायला गेलं की आवाज आणखी चढतो.

उत्तर : मग समजवायला जाऊ नका. चिडलेल्या माणसाला खुलासा म्हणजे सबबच वाटते. त्यांना बाजूच्या खोलीत न्या, खुर्ची द्या, स्वतःही बसा आणि दोन-तीन मिनिटं मध्ये तोंड घालू नका. हे बोलणं आजींच्या पलंगापाशी नको. स्मृतिभ्रंशात शब्द कळेनासे झाले तरी चढलेला आवाज कळतो. नंतर तक्रार त्यांच्याच शब्दांत परत म्हणा : 'तुम्ही आलात तेव्हा डायपर ओला होता आणि जग रिकामा होता, बरोबर?' बहुतेक वेळा आवाज इथेच उतरतो. पुढे 'बघतो, सांगतो' असलं काही नको. 'आत्ता बदलतो. उद्यापासून साडेचारला बघून तक्त्यावर सही करू,' असं नेमकं सांगा आणि ते कराच.

आता दुसरी बाजू. आठवडाभर तक्रारींच्या वेळा टिपून ठेवा. त्या शिफ्ट बदलण्याच्या सुमाराला येत असतील तर मुलीचं म्हणणं खरं आहे. एक शिफ्ट निघायच्या घाईत, दुसरी अजून माहिती घेतेय, आणि तेवढा वेळ पलंगापाशी कोणीच नाही. डायपर आणि पाणी पाहण्याची फेरी हँडओव्हरच्या आधी घ्या, अर्ध्या तक्रारी तिथेच संपतील.

उरलेल्या अर्ध्या तक्रारींमागे बऱ्याचदा 'आईला मी इथे ठेवलं' ही बोच असते. ती तोंडावर बोलून दाखवू नका, त्यांच्या हाताला काम द्या. केस विंचरणं, हातापायाला क्रीम लावणं, किंवा आईला काय आवडतं, कशाची भीती वाटते, कोणत्या नावाने हाक मारलेली चालते हे एका कागदावर लिहून देणं. तो कागद मग नवीन कर्मचाऱ्यांनाही कामी येतो.

प्रश्न : रहिवासी पडले की घरी फोन करायची भीती वाटते. काय बोलावं?

उत्तर : फोनच्या आधी माणूस. उचलायची घाई करू नका. शुद्ध आहे का, डोक्याला-मानेला मार आहे का, कुठे दुखतंय ते पाहा. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचं हाड मोडल्याचा संशय धरा, हलवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल, तर वरून जखम दिसत नसली तरी डॉक्टरांना लगेच कळवा.

मग तासाभराच्या आत फोन, तोही ड्युटीवरच्या सिस्टरनेच करावा. क्रम असा : आत्ता कसे आहेत, काय झालं, आपण काय केलं, पुढचा फोन कधी. 'बाबा शुद्धीवर आहेत, बोलतायत. सव्वासहाला ते बाथरूमच्या दाराशी जमिनीवर बसलेले दिसले. पडताना कोणी पाहिलं नाही. उजव्या कोपराला खरचटलंय. डॉक्टरांना कळवलंय. आठ वाजता मी पुन्हा फोन करते.' सुरुवात 'घाबरू नका' अशी केलीत की माणूस हमखास घाबरतो. न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी सांगू नका. आणि आठचा फोन आठलाच, नवीन काही सांगण्यासारखं नसलं तरी.

'पलंगाला कठडे लावा, नाहीतर बांधून ठेवा' अशी मागणी यानंतर येतेच. गोंधळलेला माणूस कठडा ओलांडायला जातो आणि जास्त उंचीवरून पडतो. बांधून ठेवलं तर स्नायूंची ताकद जाते, उठताना तोल आणखी जातो. नुसतं 'नाही' म्हणून थांबू नका. पलंग खाली घेणं, रात्री मंद दिवा, न घसरणारी पादत्राणं आणि ठरावीक वेळी बाथरूमला नेणं, यातलं आजपासून काय सुरू होतंय ते सांगा.

प्रश्न : गिळायचा त्रास असलेल्या आजोबांना घरचे लपवून बिस्किटं आणि पाणी देतात.

उत्तर : 'मनाई आहे' एवढ्यावर कोणी ऐकत नाही, कारण त्यांना त्यात धोका दिसतच नाही. ठसका लागला नाही म्हणजे नीट गिळलं असं नसतं. अन्न-पाणी आवाज न करता श्वासनलिकेत उतरू शकतं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. हे सांगून झाल्यावर त्यांनाच भरवायला बसवा : आजोबा सरळ बसलेले, हनुवटी किंचित खाली, चमचा लहान, आधीचा घास गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. पदार्थ किती मऊ, पाणी किती घट्ट हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाने सांगितल्याप्रमाणेच. प्रेमाने भरवायची वाट बंद केलीत की चोरवाट उघडते.

प्रश्न : स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांचा वर्षभर न आलेला मुलगा अचानक येऊन 'अन्नाची नळी घाला, सगळं करा' म्हणतो. रोज येणाऱ्या सुनेने डॉक्टरांशी बोलून वेगळं ठरवलंय.

उत्तर : हे जगभर घडतं. दूरचं माणूस अचानक येऊन 'सगळं करा' म्हणतं, याला 1991 मध्ये एका वैद्यकीय लेखात 'कॅलिफोर्नियाची मुलगी' असं नावच दिलं गेलं. (कॅलिफोर्नियात म्हणे तिला न्यूयॉर्कची मुलगी म्हणतात.) या मुलाच्या डोळ्यांपुढे वर्षापूर्वीचे वडील आहेत, म्हणून आधी मधलं वर्ष दाखवा. वजनाचा तक्ता काढा. सहा महिन्यांत 10 टक्क्यांहून जास्त घट ही गंभीर असते. एक जेवण त्याच्या समोर होऊ द्या. मग डॉक्टर, सून आणि तो यांना एकत्र बसवा. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं आढळलेलं नाही, म्हणून हाताने सावकाश भरवणंच सुचवलं जातं. पण हे डॉक्टरांनी सांगायचं, तुम्ही नाही. 'तुम्हाला काय हवंय' यापेक्षा 'वडिलांना बोलता आलं असतं तर ते काय म्हणाले असते' असं विचारलं की बहुधा वादाचा रोख बदलतो.

प्रश्न : तीन भावंडं, तीन वेगळ्या सूचना.

उत्तर : निरोपासाठी एकच माणूस लेखी ठरवून घ्या, आठवड्यातला एक वार आणि वेळ पक्की करा. बाकीच्यांना त्याच्याकडे पाठवा. मात्र उपचाराला संमती कोण देणार हा प्रश्न वेगळा आहे, त्याचा कागद फाइलमध्ये हवा. भांडणात साक्षीदार होऊ नका.

प्रश्न : एक नातेवाईक शिव्या देतात, अंगावर येतात. 'ग्राहक आहेत' म्हणून सोसायचं का?

उत्तर : अजिबात नाही. 'तुमची तक्रार मला ऐकायची आहे, पण शिव्या चालू राहिल्या तर मी बाहेर जाईन,' असं एकदाच, शांतपणे सांगा आणि थांबले नाहीत तर खरंच बाहेर पडा. तुम्हाला एकटं गाठू देऊ नका, दाराकडची बाजू आपली ठेवा. त्याच शिफ्टमध्ये तारीख, वेळ, त्यांचे नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावं लिहा. 'आक्रमक होते' असा शेरा नको, 'टेबलावर मूठ आपटून म्हणाले की…' असं. पुढची भेट व्यवस्थापकांसमोर आणि ठरलेल्या वेळीच ठेवा. तक्रार मात्र त्या वागण्यापासून वेगळी काढून तपासा, कारण शिव्या देणाऱ्याच्या आईलाही पाठीवर दाबाची (सतत पडून राहिल्याने होणारी) जखम झालेली असू शकते.