गावाने सुचवलेले प्रश्न निवडताना

गावकऱ्यांनी सुचवलेला प्रश्न गाळला तर ते दुखावतील आणि विचारला तर समोरचे माणूस कोलमडेल, ही काळजी मुलाखत घेणाऱ्या तरुणांकडून मी अनेकदा ऐकते. किल्लारी परिसरातील एका पुनर्वसित गावातली शिक्षिका हीच काळजी घेऊन आली होती (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). गणेश विसर्जनानंतर गावे निजलेली असताना, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपातून वाचलेल्या एका आजींची प्रकट मुलाखत तिला घ्यायची होती.

गावकऱ्यांच्या चिठ्ठ्यांमधून आम्ही एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले. नुकसानभरपाईत कोणावर अन्याय झाला, हे प्रश्न रास्त असले तरी त्यांची उत्तरे देणे आजींचे काम नव्हते, म्हणून ते बाजूला ठेवले. खरी अडचण एका चिठ्ठीपाशी आली: "ढिगाऱ्याखाली तुमचे कोण कोण गेले?" असा प्रश्न चारचौघांत अचानक आला, तर माणूस पुन्हा त्या पहाटेत जाऊन पोहोचते, छाती धडधडते आणि शब्द फुटत नाहीत. मात्र चिठ्ठी लिहिणाऱ्याशी शिक्षिका बोलली, तेव्हा गेलेल्यांची नावे नव्या पिढीला कळावीत, एवढीच त्याची तळमळ असल्याचे समजले. मग त्याच्याच संमतीने प्रश्न असा झाला: "आपल्या माणसांपैकी कोणाची आठवण आज गावाला सांगावीशी वाटते?" किती खोल जायचे हे सांगणाऱ्याच्या हाती ठेवणारा प्रश्न मला चांगला वाटतो, आणि म्हणूनच सुरुवातीला आम्ही एका शाळकरी मुलीचा प्रश्न घेतला: "माळवदाच्या घरात धान्य कुठे ठेवायचात?"

यादी आजींना आधी वाचून दाखवावी, असा माझा आग्रह होता. प्रश्न सुचवण्याचा हक्क गावाचा असला, तरी नकाराचा हक्क त्यांचाच आहे. त्यांनी एक प्रश्न खोडायला लावला आणि एक स्वतः घातला: "नव्या गावात जुना शेजार कसा विखुरला, ते विचार की गं." हा प्रश्न कोणाच्याच चिठ्ठीत नव्हता.

ज्यांचे प्रश्न गाळले त्यांना कार्यक्रमापूर्वी प्रत्यक्ष भेटून कारण सांगावे, आजींनी हात वर केला की विषय बदलावा आणि त्या रात्री लेकीने त्यांच्यासोबत राहावे, असे आम्ही ठरवले.